साडूंचा समुद्र

पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन, ही वाटणी मुळातच चुकलेली आहे आणि ती आपल्याला घरबसल्या दुरुस्त करता येईल, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि नशीब असं की तो माझा साडू निघाला. थोरला साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मित्र निवडता येतो, शेजारी बदलता येतो, बायकोसुद्धा चार दिवस माहेरी पाठवता येते. पण साडू लग्नात आहेराच्या भांड्यांबरोबर येतो आणि परत करायची सोय नसते. त्यातून आम्ही दोघं पिंपरीच्या एकाच कंपनीत, ते इन्स्पेक्शनमध्ये आणि मी स्टोअर्समध्ये; राहायलाही चिंचवड स्टेशनच्या अलीकडच्या एकाच कॉलनीत, दार उघडलं की एकमेकांचं दार दिसावं इतके समोरासमोर. मी त्यांना साडू म्हणायचो, म्हणून आमची मुलं म्हणायला लागली, मुलांचं ऐकून दूधवाला, दूधवाल्याचं ऐकून वाणी, आणि वर्षभरात अख्खी कॉलनी. शंभर बिऱ्हाडं एकाच माणसाला साडू म्हणतात हे पाहून आमच्या सासऱ्यांना, तात्यांना, आपल्याला नेमक्या मुली किती याचा क्षणभर संशय आला होता.

साडूंच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, मायक्रोमीटर असे. जाडी मोजायचं ते यंत्र ते ज्या सफाईनं बाहेर काढत, त्या सफाईनं लोक चष्मासुद्धा काढत नाहीत. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी पुरी मोजली, आचाऱ्याला बोलावून घेतलं आणि दोन पुऱ्यांच्या जाडीत एवढा फरक का, असं विचारलं. आचारी म्हणाला, "लाटणारी बाई दमली." साडूंना ते कारण पटलं आणि त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहूनही ठेवलं. आमच्या कंपनीत नापास मालाला लाल लेबल आणि पास मालाला हिरवं लेबल दोऱ्यानं बांधायची पद्धत होती. ही पद्धत साडूंनी घरी आणली. डगमगणाऱ्या स्टुलाला लाल लेबल, तिरक्या कॅलेंडरला लाल लेबल, माझ्या सायकलच्या ब्रेकला तर न विचारता लाल लेबल. प्रत्येक लेबलावर चार रकाने: वस्तू, दोष, कारण, जबाबदार. हिरवं लेबल मात्र त्यांच्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो साडू, जगात एखादी तरी गोष्ट पास करा की!" तर म्हणाले, "पास करनं सोपं हाय राव. उद्या त्यो पार्ट तुटला तर मशिनीवरच्या गड्याचा हात जातो. तवा तुमी याल का हात द्यायला?" मी सायकलचा ब्रेक दुरुस्त करून आणला.

साडू मूळचे निघोज्याचे. चाकणच्या त्या कांद्याच्या रानात वाढलेला माणूस. विहीर, ओढा आणि पावसाळ्यातली इंद्रायणी यापलीकडे पाणी पाहिलेलं नाही. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो स्वतःच्या लग्नाला, बासष्टच्या सुमाराला, मालवणच्या बाजूला आमच्या सासुरवाडीला. हळद लागलेल्या अंगानं ते वाळूत जाऊन उभे राहिले, म्हणे, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "येवढं पानी, आन् कांद्याच्या कामाचा एक थेंब न्हाई!" तिथवर सगळं ठीक होतं. पण बोळवणीच्या वेळी तात्यांनी, ते शाळामास्तर होते, उपरण्यानं डोळे पुसत जावयाला सांगितलं, "तुमच्याकडची सगळी कोरडी जमीन, जावईबापू. समुद्राकाठचं काही तिथं जगेल असं मला वाटत नाही." मुलीला निरोप देताना बाप असं काहीबाही बोलतोच. ऐकणारा गाडी वळायच्या आत विसरतो. साडू विसरले नाहीत. त्यांनी ते इन्स्पेक्शनचा शेरा ऐकावा तसं ऐकलं.

आणि पहिल्या वर्षी ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हा शेरा खरा होतो की काय असं वाटायला लावलं. रडल्या-बिडल्या नाहीत. तो त्यांचा स्वभावच नाही. पण नळाला पाणी आलं की हंडा भरून वाहायला लागला तरी त्या नुसत्या तो आवाज ऐकत उभ्या राहायच्या. साडूंनी हे पाहिलं आणि कुणाजवळ बोलले नाहीत. पुढं कितीतरी वर्षांनी, स्टोअर्समधल्या माझ्या टेबलाशी येऊन, आजूबाजूला कुणी नाही असं बघून मला म्हणाले, "राव, समुद्राचा एक जीव माज्या घरात जगवनार हाय. एक वरीस. वरीस भरलं की तात्यास्नी पत्र टाकतो. त्याशिवाय मला त्यांच्याम्होरं मान वर करता यायची न्हाई." मला वाटलं, कुत्र्याचं पिल्लू पाळावं तसं काहीतरी असेल. मी हो हो म्हणालो. माणसानं असं सहज हो म्हणू नये.

टाकी कंपनीतल्या भंगार अँगलच्या चौकटीची आणि जाड काचेची, साडूंनी स्वतः बसवलेली. तिच्यात एक थेंब गळत नव्हता. उलट आत हवासुद्धा विचारून जाईल असं वाटायचं. पण पाणी? आधी त्यांनी खडेमीठ विरघळवून बॅटरीतलं ॲसिड मोजायच्या नळीनं खारटपणा जुळवला. मासे दोन तासांत गेले. "मीठ हाय, पन समुद्र न्हाई," असं निदान झालं. मग खरा समुद्र आणायचं ठरलं. सासुरवाडीहून परतताना एस.टी.त आमच्या दोन्ही कुटुंबांचं सामान कमी आणि कॅन जास्त. कंडक्टर म्हणाला, "ह्यात काय?" साडू म्हणाले, "समुद्र." कंडक्टरनं झाकण उघडलं, बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "खरंच की हो!" एका कॅनमध्ये पाच-सहा चिमुकले मासे, ओहोटीच्या डबक्यातून धरलेले, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे. त्यांना हवा मिळावी म्हणून प्रत्येक थांब्यावर साडू सायकलचा पंप कॅनमध्ये घालून मारत. कोल्हापूरच्या स्टँडवर एक म्हातारबुवा शेजारच्या माणसाला म्हणाले, "बिचाऱ्याची गाडी पंक्चर दिसते." माझ्या मांडीवरचा कॅन अख्खा घाट हिंदकळत होता. घरी आलो तेव्हा माझी विजार मिठानं ताठ होऊन कुणाच्या आधाराशिवाय उभी राहिली असती. आमची ही म्हणाली, "तुम्हाला काय गरज होती?" या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही.

टाकीची खरी शोभा म्हणजे तिची चावी. पाणी खेळतं राहावं म्हणून साडूंनी पितळेची एक चावी, नळाच्या तोटीसारखी, लेथवर स्वतः कातली होती. काय वस्तू होती ती! दोन बोटांनी फिरवावी तर लोण्यातून फिरल्यासारखी फिरायची. टूलरूमची पोरं मुद्दाम बघायला येत. साडू ती कुणाच्या हातात देत नसत, रुमालावर ठेवून दाखवत. आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. दर गुरुवारी सकाळी ते चावी काढायचे, चिंच लावून घासघासून देवघरातल्या समईसारखी लखलखीत करायचे आणि पुन्हा पाण्यात बसवायचे. ताई म्हणायच्या, "माझी भांडी अशी कधी घासलीत?" साडू म्हणायचे, "तुजी भांडी मी कातलेली न्हाईत."

आणि मासे मरत. हे मला जरा समजावून सांगावं लागेल, कारण मासा मेला की घरात काय होतं ते तुम्हाला माहीत नसणार. दुसऱ्या कुणाकडं मासा मेला तर तो फेकतात. आमच्या सासुरवाडीला मासा मेलाच नाही तर जेवायची पंचाईत. साडूंकडं मात्र पंचनामा व्हायचा. मेलेला मासा वर्तमानपत्रावर ठेवायचा, डोक्यापासून शेपटीपर्यंत मापं घ्यायची, शेपटीला दोऱ्यानं लाल लेबल बांधायचं. वस्तू: मासा, लॉट तीन, नग दोन. दोष: मृत. कारण: चौकशी चालू. मग लेबल सोडवून फायलीत, आणि मासा परसातल्या शेवग्याच्या मुळाशी. शेवग्याला त्या खतानं अशा काही शेंगा लागल्या की अर्ध्या कॉलनीची आमटी त्यावर चालायची. साडू ती आमटी शिवत नसत. "त्यात आपली मान्सं हायत," म्हणायचे. मग तळलेला मासाही सुटला. ताईंनी माहेरच्या हातानं केलेली बांगड्याची तुकडी ताटात आली की साडू तिच्याकडं बघत बसायचे आणि हळूच ताट सरकवून म्हणायचे, "न्हाई जात घशाखाली. वळखीचा वाटतोय." समुद्राकाठची बाई, तिच्या घरातून समुद्र आणायच्या नादात मासे गेले, ही गंमत मला दिसत होती. साडूंना दिसत नव्हती, आणि ताई दाखवून देत नव्हत्या.

आता कारणं. साडूंनी आलेख काढायच्या कागदावर मेलेल्या माशांचा तक्ता केला आणि भिंतीवर लावला. त्यात एक गोष्ट स्वच्छ दिसत होती: मासे मरायचे ते बहुतेक शुक्रवारी. शुक्रवारी काय असतं? कंपनी चालू, भोंगा तोच, नळ त्याच वेळी. मग गुरुवारी काय असतं? गुरुवारी मी असतो! सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांच्याकडं चहाला जायची माझी वर्षानुवर्षांची पद्धत. झालं. साडूंनी तक्ता माझ्यासमोर धरला आणि अत्यंत दुःखानं म्हणाले, "राव, गैरसमज करून घिऊ नगा. पन तुमी बेस्तरवारी येता आन् मासा सुक्करवारी जातो." मी म्हणालो, "मी तुमच्या माशाला काय केलं?" म्हणाले, "त्येच तर शोधतोय." पुढच्या गुरुवारी माझी खुर्ची टाकीपासून आठ फुटांवर गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारी हात साबणानं धुवायला लावले. मग विडी बंद, मग मोठ्यानं हसणं बंद, आणि शेवटी तर मी टाकीकडं सरळ बघू नये, बघायचं असेल तर खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब बघावं, असा नियम झाला. अहो, मी काय चेटूक करणारा माणूस? पंचवीस-तीस लाल लेबलांवर 'जबाबदार' या रकान्यात, वळणदार अक्षरात, माझं नाव! मला राग येत होता, आणि गुरुवार आला की पाय तिकडंच वळत होते. ताईंचा चहाच तसा होता.

मग पोवळं आलं. एका सुट्टीत साडू कमरेएवढ्या पाण्यात शिरले, मी काठावर त्यांचं धोतर सांभाळत उभा, आणि खडकाला धरलेला एक गोळा घेऊन ते बाहेर आले. तपकिरी, शेवाळट, वर बारीक बारीक घरं. साडूंनी कुठंतरी वाचलं होतं की हे प्रवाळ, आणि हा दगड नसून जिवंत असतो. कॉलनीत बातमी पसरली की साडूंनी पोवळं आणलंय, आणि मंगळाची मुलगी घरात असलेली दोन बिऱ्हाडं अंगठीपुरता तुकडा मागायला आली. साडूंनी त्यांना टाकीपर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात. "गंज उतरला, राव! आतलं असल मटेरियल निघालं!" जाऊन खिडकीच्या काचेतून पाहतो तर खरंच, तो कळकट गोळा पांढराशुभ्र झालेला. साडूंच्या मते आपल्या टाकीचं पाणी इतकं शुद्ध की समुद्रात वर्षानुवर्षं बसलेली घाण तीन आठवड्यांत साफ झाली. सगळ्या कॉलनीनं पेढे खाल्ले. ताईंनी मात्र पेढा हातात धरला, टाकीकडं पाहिलं, साडूंच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पेढा खाऊन टाकला. मला वाटलं, त्यांना गोड आवडत नसेल.

पण त्या सगळ्या मरणात एक मासा टिकला. काळ्या पट्ट्यांचा, अंगठ्याएवढा, लॉट सातमधला चौथा नग. गुरुवार येत, शुक्रवार जात. हा आपला एका कोपऱ्यात, चावीपासून लांब, कल्ले हलवत. सहा महिने झाले, आठ झाले, दहा झाले. साडूंचा चेहरा बदलला. ते कंपनीत शीळ घालताना दिसले. आणि अकराव्या महिन्यात तात्यांचं पत्र आलं: डोळे दाखवायला पुण्याला येतो आहे, आठ दिवस चिंचवडला राहीन. सतरा वर्षांत ते प्रथमच येणार होते. साडूंनी हिशेब केला तर मासा वर्षाचा होणार तो नेमका तात्यांच्या मुक्कामात! माझ्या दोन्ही दंडांना धरून म्हणाले, "पत्र टाकायची बी गरज न्हाई. तोंडावर दाखवतो, राव. तोंडावर!" मी खिडकीच्या काचेतून त्या माशाला मनातल्या मनात हात जोडले.

मग तयारी. घराला चुना, टाकीच्या काचेला वर्तमानपत्राचा बोळा, आणि चावीला गुरुवारची वाट न पाहता रोज चिंच. रोज! तात्यांच्या डोळ्यांना कमी दिसत होतं, त्यांनाही ती लखलखताना दिसायला हवी होती. आठ दिवस हे चाललं. तात्या यायच्या दोन दिवस आधी, सकाळी मी कामावर निघालो तर समोरच्या ओट्यावर साडू बसलेले. पुढ्यात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर मासा, हातात लाल लेबल. तीन रकाने कोरे. मी जवळ जाऊन बसलो. वार मंगळवार होता, त्यामुळे माझं नाव घालायचीही सोय नव्हती.

नेमका त्याच वेळी कल्हईवाला ओरडत आला. तात्या यायचे म्हणून ताईंनी पितळेची दोन पातेली कल्हईला काढली होती. ओट्याखाली भट्टी लागली, भाता फुसफुसायला लागला. कल्हईवाल्यानं पातेलं आतून बघितलं आणि ताईंना दरडावलं, "बाई, तांबडं दिसाय लागलंय. ह्यात ताक घालशीला तर कळकंल, इख व्हईल त्याचं." ताई बरं म्हणाल्या. आत गेल्या. परत बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात टाकीतली ती चावी होती, ओली, आणि तिच्या मानेच्या खाचेत बारीक हिरवी रेघ. "अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे पितळच ना?" साडू म्हणाले, "मंग? पैल्या नंबरचं." "मग ह्याला कल्हई कुठाय?" साडू वैतागले, "ह्यात काय ताक ठिवायचंय?" ताई म्हणाल्या, "ताक नाही. पण मिठाचं पाणी आहे ना? लोणचं पितळेत कोणी ठेवतं का?"

कल्हईवाल्याचा भाता तेवढा वाजत होता. साडूंनी चावी हातात घेतली, रुमालाशिवाय. त्या हिरव्या रेघेवरून नख फिरवलं. उठले, आत गेले, भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे राहिले. गुरुवार, चिंच, चावी, शुक्रवार, मासा. चिंचेनं घासून उघडं पडलेलं पितळ दर वेळी खाऱ्या पाण्यात उतरत होतं, आणि ते एवढी वर्षं समोर टांगलेलं होतं. सगळं मोजलं होतं त्यांनी. स्वतःच्या हातची वस्तू तेवढी मोजायची राहिली होती. ती वाईट असू शकते हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. माझ्या स्टोअर्समध्ये अर्धं आयुष्य गेलं, पण घरातल्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं आणि टाकीतल्या पितळेनं पाणी कळकेल, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. ते ताईंना आणि कल्हईवाल्याला विचारायला हवं होतं.

"जाऊ दे," साडू म्हणाले. "मासा गेला, पन पोवळं तरी हाय. त्ये दाखवू तात्यास्नी." ताईंनी मान हलवली. साडूंनी वर पाहिलं. ताई म्हणाल्या, "तेही गेलंय हो." "कदी?" "पांढरं झालं तेव्हाच. लहानपणी वाळूत असली पांढरी वेचायचो आम्ही, खेळायला. जिवंत असतं तोवर रंग असतो." साडू म्हणाले, "मंग बोलली का न्हाईस?" ताई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "तुम्ही पेढे आणले होतेत."

त्या दिवशी साडूंनी लेबल भरलं. वस्तू: टाकी, संपूर्ण. दोष: सर्व मृत. कारण: चावी. जबाबदार: आणि तिथं त्यांनी स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहिला, सही केली, आणि लेबल स्वतःच्या शर्टाच्या गुंडीला बांधलं. संध्याकाळी ते फाईल घेऊन माझ्या घरी आले. माझं नाव असलेली सगळी लेबलं त्यांनी काढली, एकेकावरचं नाव पट्टी धरून खोडलं, शेजारी आपलं लिहिलं. सगळी होईपर्यंत उठले नाहीत. मी म्हणालो, "अहो साडू, राहू द्या." ते म्हणाले, "न्हाई राव. रेकॉर्ड हाय." आमची ही नेहमी त्यांना हसायची, त्या दिवशी तिनं चहा पुढं ठेवला.

तात्या आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात आंब्याच्या साटांचं पुडकं. बाहेरच्या खोलीत कोरडी टाकी होती आणि तिच्यात ते पांढरं पोवळं तेवढं ठेवलेलं. साडूंनी पाया पडून सरळ विषयाला हात घातला. उभ्यानंच. "तात्या, तुमी म्हनला व्हता त्येच खरं. समुद्राकाठचं काय बी हितं जगत न्हाई. मी लई करून बगितलं." तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी? असं कधी म्हणालो?" "लग्नात. बोळवनीच्या टायमाला. गाडीपाशी." तात्या आठवायला लागले, मला तर त्यांची दया आली, आणि शेवटी कबूल होऊन म्हणाले, "अहो जावईबापू, मला रडू येत होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो असेन. तुम्ही ते सतरा वर्षं धरून बसलात?"

साडू खाली बघत उभे. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या क्षणी त्यांच्याकडं बघवेना. तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रे त्यांनी टाकीच्या झाकणावर ठेवला, जरा आपटूनच. "आणि मी कोण मग?" त्या म्हणाल्या. "समुद्राकाठचं काही जगत नाही म्हणे! मी कुठली आहे? सतरा वर्षं मी काय टाकीच्या बाहेर होते म्हणून दिसले नाही? पुरी मोजलीत, मासे मोजलेत, भाऊजींचे गुरुवार मोजलेत. मला कधी मोजलंत?" ताईंना एवढं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं आणि "साखर बघा बरोबर आहे का" म्हणून त्या आत पळाल्या. तात्या हसायला लागले. साडू नाही हसले. ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले आणि चहा थंड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या कडीला दोऱ्यानं एक लेबल बांधलेलं ताईंना सापडलं. हिरवं. त्या घरातलं पहिलं. वस्तू: सौ. मूळ ठिकाण: समुद्र. चाचणीचा काळ: सतरा वर्षे. दोष: बोलत नाही. शेरा: पास. ताई लेबल घेऊन आमच्याकडं आल्या, हिला दाखवून म्हणाल्या, "बघ गं. सतरा वर्षांनी पास, आणि त्यातही दोष काढलाय!" तोंडावर राग होता, पण लेबल त्यांनी घरी नेऊन पुन्हा जिथल्या तिथं बांधलं. आणि साडूंनी पत्रही टाकलंच. तात्या त्यांच्याच घरात, त्यांच्याच कॉटवर झोपलेले असताना साडूंनी त्यांच्या गावच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. तात्या घरी पोचले तेव्हा ते कार्ड आधीच येऊन पडलं होतं: 'समुद्राकाठचा एक जीव इथे सतरा वर्षे व्यवस्थित आहे. काळजी नसावी. कळावे.'

साडूंना जाऊन आता चार वर्षं झाली. टाकीत ताई कोथिंबीर लावतात, मध्यभागी ते पांढरं पोवळं. चावी माझ्याकडं आहे. मी ती घासत नाही, त्यामुळे ती आता चांगली काळी पडली आहे. साडू गेल्यावर ताईंचा भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेला. आता कायमचं तिकडंच, समुद्राकाठी, असं ठरवून. आम्ही स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो, ही रडली, मीही जरा रडलो. पाचव्या दिवशी गुरुवार होता. सकाळी सवयीनं समोर नजर गेली तर दार उघडं. मी तसाच गेलो. ताई फडताळाचं हिरवं लेबल पदरानं पुसत होत्या. रंग उडून ते आता पोपटीसुद्धा राहिलेलं नाही.

"काय ताई, लगेच परत?"

"करमेना हो," त्या म्हणाल्या. "रात्रंदिवस नुसती ती गाज. भोंगा नाही, काही नाही, किती वाजले तेच कळत नाही." मग चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "कोरड्या जमिनीतलं तिकडं काही जगत नाही, भाऊजी."

मी हसलो. मग खुर्ची टाकीपासून आठ फुटांवर ओढून घेतली आणि बसलो, आणि मला साडूंची फार आठवण आली.